वाचकांचे प्रश्न : पादचाऱ्यांसाठी मंडळ काढताना

शहरात पायी चालणाऱ्यांच्या अडचणींवर नागरिकांचे मंडळ स्थापन करण्याविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पहिले पत्र सर्वांत सविस्तर असून इतरांच्या अनेक शंका त्यात सामावलेल्या आहेत, म्हणून त्याचे उत्तरही विस्ताराने दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे आणि गावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दहा-बारा जण पश्चिम महाराष्ट्रातील एका महापालिकेच्या शहरात राहतो. बहुतेक जण सेवानिवृत्त आहेत. शहरात पायी चालणे अवघड झाले आहे. पदपथ आहेत तेथे दुचाकी लावलेल्या असतात, नाहीत तेथे गटाराच्या झाकणांवरून चालावे लागते, आणि मुख्य चौकात सिग्नल असूनही पायी माणसाला रस्ता ओलांडण्यासाठी वेळच ठेवलेला नाही. आम्ही आयुक्तांना अनेकदा निवेदने दिली, वर्तमानपत्रांत पत्रे लिहिली. उपयोग झाला नाही. आता रीतसर मंडळ काढायचे ठरवले आहे. काहींचे म्हणणे असे की पाणी, कचरा, रस्ते, उद्याने अशा सर्वच नागरी प्रश्नांवर काम करणारे मंडळ काढावे, म्हणजे सभासद जास्त मिळतील. घटना, पदाधिकारी, नोंदणी आणि लेटरहेड यांपैकी आधी काय करावे?

उत्तर : यांपैकी एकही आधी करू नये. घटना आणि नोंदणी यांची गरज पुढे पडेल, पण ज्या मंडळांची सुरुवात अध्यक्ष कोण आणि कार्याध्यक्ष कोण या चर्चेने होते, त्यांची पहिली दोन वर्षे बहुधा त्या चर्चेतच जातात. आज आपल्याला तीन गोष्टी ठरवायच्या आहेत : नेमके काय मागायचे, ते देण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि आपण कोणाच्या वतीने मागत आहोत.

सर्व नागरी प्रश्नांवरचे मंडळ काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सभासद जास्त मिळतात हे खरे, पण प्रत्येक जण आपल्या गल्लीची तक्रार घेऊन येतो आणि मंडळ तक्रारी पोचवणारी टपाल कचेरी बनते. पादचाऱ्यांचा विषय घेतला तरी तो संपूर्ण शहरासाठी एकदम घेऊ नये. बसस्थानकापासून सरकारी रुग्णालयापर्यंतचा किंवा एखाद्या मोठ्या शाळेपुढचा एकच रस्ता निवडावा, जेथे रोज शेकडो माणसांना चालण्यावाचून पर्याय नसतो, आणि पहिल्या वर्षी तेवढ्यावरच लक्ष ठेवावे. एका रस्त्यावर मिळालेला निर्णय दुसऱ्या रस्त्यासाठी दाखला म्हणून दाखवता येतो. संपूर्ण शहरासाठी दिलेले आश्वासन कोणालाही दाखवता येत नाही.

रस्ता निवडल्यावर तो मोजावा. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचारी सुविधांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे (क्रमांक १०३) अभियंत्यांना परिचित असतात. त्यांनुसार निवासी भागातही पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, आणि पदपथाची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. मोकळी रुंदी म्हणजे खांब, डीपीची पेटी, झाडाचे आळे, दुकानाची पायरी आणि जाहिरातीचा फलक वगळून उरलेली जागा. मोजपट्टी घेऊन दर पन्नास पावलांवर ही जागा मोजली, उंची नोंदली आणि अडथळा कशाचा आहे ते लिहून ठेवले, तर तयार होणारा तक्ता आपल्या आतापर्यंतच्या सर्व निवेदनांपेक्षा अधिक कामाचा ठरेल. सिग्नलच्या बाबतीतही हेच करावे. पादचाऱ्याची गती मोजताना अभियंते साधारणतः सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे अठरा मीटर रुंद रस्ता ओलांडायला पंधरा सेकंद लागतात. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाची गती सेकंदाला ०.८ मीटर असेल, तर त्याच रस्त्याला बावीस-तेवीस सेकंद हवेत. चौकात उभे राहून घड्याळ लावावे आणि प्रत्यक्षात किती सेकंद मिळतात ते लिहावे. ‘वेळच ठेवलेला नाही’ या वाक्याला अधिकारी मान डोलावतो. ‘सकाळी नऊ वाजता सात सेकंद मिळतात आणि किमान पंधरा हवेत’ या वाक्याला त्याला काहीतरी उत्तर द्यावे लागते.

आपल्या निवेदनांचा उपयोग का झाला नाही, याचे एक कारण पत्रातच दिसते : ती सर्व आयुक्तांच्या नावे होती. वस्तुस्थिती अशी आहे की एकाच पदपथावर चार-पाच कार्यालयांची सत्ता चालते. शहरातून जाणारा मोठा रस्ता अनेकदा महापालिकेचा नसून राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्ग यंत्रणेचा असतो, आणि मग त्यावर पदपथ बांधायचा कोणी हा पहिला वाद उभा राहतो. पदपथ महापालिकेचा असेल तर तो बांधतो पथ विभाग किंवा शहर अभियंत्यांचे कार्यालय, त्यावरची टपरी हटवतो अतिक्रमण विभाग, त्यावरची विजेची पेटी असते महावितरणची, आणि तो पुन्हा पुन्हा खोदण्याची परवानगी पाणीपुरवठा, मलनिस्सारण किंवा केबल कंपन्यांना वेगवेगळी मिळत राहते. सिग्नलचा खांब बहुधा महापालिका बसवते, पण तो किती सेकंद चालवायचा आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूला वाहने लावू द्यायची याचा निर्णय वाहतूक पोलिसांचा असतो. चौदा मागण्यांचे एक निवेदन आयुक्तांकडे गेले की ते खाली उतरताना प्रत्येक विभाग त्यातील दुसऱ्याचे काम दाखवून आपल्यापुरते निकाली काढतो. त्यामुळे एका कागदावर एकच मागणी आणि ती पूर्ण करण्याचा अधिकार असलेल्या माणसाचेच पदनाम, हा नियम मंडळाने पहिल्या दिवसापासून पाळावा.

कोणाचा काय अधिकार, हे कळण्यासाठी माहिती अधिकार कायदा आहे. रस्त्याची मालकी, विकास आराखड्यातील त्याची रुंदी, गेल्या तीन वर्षांत त्याच्या पदपथांवर झालेला खर्च आणि ठेकेदाराच्या दोष दायित्वाची मुदत (म्हणजे कामातील दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याचा काळ) या चार गोष्टी मिळाल्या तरी पुष्कळ झाले. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क दहा रुपये आहे, आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास तीस दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. हा हक्क कायद्याने नागरिकाला दिला आहे, म्हणून अर्ज मंडळाच्या नावे न करता एखाद्या सभासदाने स्वतःच्या नावाने करावा. अर्जाआधी फाइल पाहण्याचाही मार्ग आहे : नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. या सवलतीचा लाभ फार थोडे लोक घेतात. सेवानिवृत्त सभासदांचे मंडळ सोमवारची दुपार सहज काढू शकते, हे आपले बलस्थान समजावे.

वेळेचेही भान हवे. महापालिकेचा अर्थसंकल्प आयुक्त स्थायी समितीपुढे मांडतात आणि त्यानंतर तो सर्वसाधारण सभेत जातो. पण विभागांकडून कामांच्या याद्या त्याआधी काही महिने मागवल्या जातात. एप्रिलमध्ये दिलेल्या उत्तम निवेदनाला ‘तरतूद नाही’ हे उत्तर मिळते आणि ते खोटेही नसते. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. आपल्या शहरात अशी सोय नसेल, तर ती करावी ही मागणीही मंडळाला पुढे कधीतरी हाती घेता येईल, पण पहिल्या वर्षी नको.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. आपण कोणाच्या वतीने बोलता? हा प्रश्न अधिकारी आज ना उद्या विचारतीलच, आणि तो विचारण्यात गैर काही नाही. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिच्यामागे पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराविषयीची लोकांची नाराजी होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभासदत्वासाठी एक कडक अट घातली : किमान पन्नास प्रौढ व्यक्तींनी सही करून दिलेले मुखत्यारपत्र आणल्याशिवाय कोणालाही सभासद होता येणार नाही. सुरुवातीचे पंचाण्णव सभासद अशा रीतीने सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने बोलत होते. मतदानाचा हक्क नव्हता, निवडून दिलेली सभागृहे नव्हती, अशा काळात या लोकांनी प्रतिनिधित्वाचा पुरावा स्वतःच तयार केला. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात याच सभेने गावोगावी माणसे पाठवून परिस्थितीची माहिती गोळा केली आणि सरकारपुढे ठेवली. आधी मुखत्यारी, मग माहिती आणि नंतर अर्ज, हा क्रम आजही तसाच्या तसा घेण्याजोगा आहे.

आपल्या मंडळाने निवडलेल्या रस्त्यावर रोज कोण चालते याची यादी करावी. सकाळी धुणीभांड्याच्या कामाला जाणाऱ्या बायका, शाळेची मुले, भाजीवाल्या, रुग्णालयात डबा घेऊन जाणारे नातेवाईक, एसटीने उतरून कचेरीत जाणारे कर्मचारी, व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणारे नागरिक यांपैकी आज आपल्या दहा-बारा जणांत कोण आहे? पत्रावरून तरी कोणी दिसत नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्याला त्रास होतो, पण तो दुपारी घरी राहू शकतो. या बाकीच्यांना ती सोय नाही. प्रत्येक सभासदाने अशा वीस-पंचवीस माणसांशी प्रत्यक्ष बोलावे, त्यांच्या अडचणी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात आणि मागणीच्या कागदावर त्यांच्या सह्या घ्याव्यात. त्यांतून दोन-तीन जणी किंवा दोन-तीन जण मंडळात आले, तर बैठकीची वेळ आणि जागाही बदलावी लागेल, कारण सकाळी साडेदहाची बैठक कामावर जाणाऱ्यांच्या उपयोगाची नाही.

मोठे आकडे आणि मोठे निकाल यांचाही उपयोग आहे, पण त्यांची जागा दुसरी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील ३२,८२५ पादचारी होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की अडथळारहित पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि पदपथांविषयी मार्गदर्शक तत्त्वे आखण्याचे आदेश राज्यांना दिले. पुणे महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारले आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. ही माहिती निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात एकदा यावी; बाकीचा कागद आपल्या रस्त्याच्या मोजमापांनी भरलेला असावा. कनिष्ठ अभियंत्याला देशातील मृत्यूंची संख्या सांगून त्याच्या हातून काही होत नाही. त्याच्या अखत्यारीतील पदपथाची उंची तीनशे मिलिमीटर आहे, हे सांगितले तर होते.

माहिती आणि मागणी यांची सांगड कशी घालावी, याचे आपल्या देशातील सर्वोत्तम उदाहरण राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेचे आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने दुष्काळी कामांवरील मजुरीच्या प्रश्नात एकच मागणी धरून ठेवली : हजेरीपट, बिले आणि पावत्या यांच्या प्रती द्या. १९९४ च्या अखेरीपासून जनसुनवाईत, म्हणजे गावकऱ्यांच्या जाहीर सुनावणीत, ही कागदपत्रे गावापुढे वाचून दाखवली जाऊ लागली, आणि ज्यांची नावे हजेरीपटावर होती पण ज्यांनी ते काम कधी पाहिलेही नव्हते, अशी माणसे उभी राहून तसे सांगू लागली. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले, तेही याच एका मागणीसाठी. पुढे राज्याचा आणि २००५ मध्ये देशाचा माहिती अधिकार कायदा झाला, त्यामागे इतरही अनेक संघटना आणि माणसे होती. तथापि, सुरुवातीची मागणी एका गावच्या मजुरालाही समजेल इतकी साधी होती. आपला मोजमापाचा तक्ताही त्या रस्त्यावरच्या शाळेत किंवा मंगल कार्यालयात लोकांपुढे वाचावा, आणि त्या दिवशी पथ विभागाच्या व वाहतूक शाखेच्या अधिकाऱ्यांना बोलवावे. ते न आल्यास इतिवृत्तात तशी नोंद करावी, चिडू नये.

प्रश्न : आमच्या शहरात पादचारी मंडळाची पहिली बैठक झाली. ‘पदपथावरील सर्व फेरीवाले हटवा’ ही मागणी एकमताने ठरणार होती, पण मी विरोध केला आणि बैठक तेथेच थांबली. माझे चुकले का?

उत्तर : आपले चुकले नाही. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण आणि पथविक्री विनियमन) कायदा २०१४ मध्ये झाला. त्यानुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. मग ‘सर्व हटवा’ ही मागणी महापालिकेने मान्य केली, तरी ती कायद्यापुढे टिकणार नाही, आणि दरम्यान मंडळाने रस्त्यावरील सर्वांत मोठा पायी चालणारा वर्ग कायमचा विरोधात घालवलेला असेल. भाजीवाली स्वतः पादचारी आहे. तिचे गिऱ्हाईकही पादचारीच आहे.

याच कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे. तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान चाळीस टक्के असावे लागतात आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया. स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरील संस्थांसाठी किमान दहा टक्के जागा आहेत. विक्री क्षेत्रे आणि ना-विक्री क्षेत्रे ठरवताना या समितीचे मत घ्यावे लागते. आपल्या मंडळाने तेथे जागा मागावी आणि मागणी अशी करावी की अमुक रस्त्यावर १.८ मीटर रुंदी मोकळी ठेवून विक्रीच्या जागा आखून द्याव्यात. पदपथ पुरेसा रुंद असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. नसेल तर जागा कोठे द्यायची, हा प्रश्न समितीपुढे न्यावा. तो चौकात सोडवू नये.

काही ठिकाणी मात्र मोकळी जागा ही सुरक्षिततेची बाब असते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पादचारी पुलांवर आणि रेल्वे स्थानकांपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. अशा जागांचा आग्रह धरण्यात अन्याय नाही.

पुढील बैठकीआधी एक काम करावे : पदपथावरचे अडथळे प्रकारवार मोजावेत. दुचाकी, चारचाकी, दुकानांच्या वाढवलेल्या पायऱ्या, विजेच्या पेट्या, राजकीय फलक, मांडवांचे खांब, फेरीवाले. यादी समोर आली की बैठकीतील स्वतःच्या दुचाकी पदपथावर लावून आलेल्या सभासदांचाही आवाज थोडा खाली येतो, असे पाहिले आहे.

प्रश्न : संस्थेची नोंदणी कोठे आणि कशी करावी? माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत असून तो पैसे पाठवायला तयार आहे. ते घ्यावेत का?

उत्तर : निवेदन देणे, रस्ता मोजणे, माहिती मागणे, सभा घेणे यांपैकी कशासाठीही नोंदणी लागत नाही. बँकेत संस्थेच्या नावाने खाते उघडायचे असेल, देणग्या घ्यायच्या असतील किंवा पगारी माणूस ठेवायचा असेल, तेव्हा ती लागते. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासदांची संस्था नोंदवतात, आणि तिची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली न्यास म्हणूनही नोंदणी होते; दोन्ही कामे धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा पातळीवरील कार्यालयात होतात. नोंदणीनंतरचे काम मात्र लोक विसरतात. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो आणि दरवर्षी हिशेबतपासणी करून घ्यावी लागते. अनेक जुन्या संस्थांच्या नोंदीत आजही हयात नसलेले विश्वस्त दिसतात आणि मग वाद न्यायालयात गेला की काम थांबते. मंडळात हिशेब आणि कागदपत्रे सांभाळणारी एक काटेकोर व्यक्ती मिळेपर्यंत नोंदणी लांबवावी.

भाच्याच्या पैशांबाबत एकच गोष्ट विचारावी : त्याच्याकडे कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे? तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत रक्कम पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) असले तरी ती विदेशी देणगीच ठरते, आणि विदेशी योगदान विनियमन अधिनियम २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती स्वीकारणे गुन्हा आहे. अशी नोंदणी मिळण्यासाठी संस्था किमान तीन वर्षे कार्यरत असावी लागते, म्हणजे नव्या मंडळाला हा मार्ग जवळपास बंदच आहे. परदेशातील मराठी मंडळींचा जिव्हाळा खरा असतो. त्यांच्याकडून त्यांच्या शहरांतील चौकांची छायाचित्रे आणि मोजमापे मागवावीत.

पहिल्या वर्षाचा खर्च झेरॉक्स, टपाल, मोजपट्टी आणि चहा एवढाच असतो. तो सभासदांनी वर्गणीतून करावा आणि लहानशा वहीत लिहून प्रत्येक बैठकीत वाचावा.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दोनशे माणसे आहेत. बैठकीला चार येतात. काय करावे?

उत्तर : चौघांनी काम सुरू करावे. दोनशे जण छायाचित्रे पाठवतात, हेही उपयोगाचे आहे, फक्त छायाचित्राबरोबर ठिकाण, तारीख आणि वेळ असलीच पाहिजे असा नियम करावा. शुभेच्छा आणि राजकीय विनोद यांसाठी वेगळा गट काढून द्यावा. बंदी घातल्यास भांडणे होतात.

माणसे टिकण्यासाठी ठरलेल्या दिवशी येणारे ठरलेले काम हवे. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. ग्राहकांचे हक्क हा तिचा विषय असला तरी, सभासदांचे लहान लहान संघ करून दर महिन्याला किराणा एकत्र खरेदी करणे आणि आपसांत वाटणे हे काम तिने लोकांच्या हाती दिले. ज्या घरांनी कधी मोर्चा पाहिला नसता, ती घरे दर महिन्याला एकमेकांना भेटत राहिली. पादचारी मंडळालाही असे एखादे नियमित काम शोधता येईल : महिन्याच्या पहिल्या रविवारी एक रस्ता चालून मोजणे, किंवा शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापुढे उभे राहून मुलांना रस्ता ओलांडून देणे. बैठकीत प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख लिहावी. दोन नावे लिहिली की काम कोणीच करत नाही. बैठक दीड तासाच्या पुढे नेऊ नये.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या सचिवांना महापालिकेची निवडणूक लढवायची आहे. ते चांगले कार्यकर्ते आहेत. मंडळाने त्यांना पाठिंबा द्यावा का?

उत्तर : देऊ नये. ते निवडून आले तर उत्तमच, पण उमेदवारीचा विचार पक्का झाला त्याच दिवशी त्यांनी सचिवपद सोडावे, दप्तर आणि गटाचे प्रशासन दुसऱ्याकडे द्यावे, आणि मंडळाने जमवलेल्या सह्या व दूरध्वनी क्रमांक प्रचारासाठी वापरू नयेत. लोकांनी ते क्रमांक पदपथासाठी दिलेले आहेत. नियम कोणा एकाला उद्देशून वाटू नये म्हणून तो कोणाचे नाव चर्चेत नसतानाच घटनेत लिहिणे चांगले असते. आपल्याकडे ती वेळ गेली असली, तरी ठराव करून तो आजही लागू करता येईल.

मंडळाने निवडणुकीत एक काम जरूर करावे. प्रभागातील सर्व उमेदवारांना, त्यांत आपले माजी सचिवही आले, तेच चार प्रश्न लेखी द्यावेत : या रस्त्याचा पदपथ १.८ मीटर मोकळा करण्यासाठी तुम्ही कोणत्या अंदाजपत्रकात तरतूद मागाल, चौकातील सिग्नलचा वेळ वाढवण्यासाठी वाहतूक शाखेला पत्र द्याल का, नगर पथविक्रेता समितीची बैठक किती वेळा व्हावी असे तुम्हाला वाटते, आणि नगरसेवक निधीतून पदपथावर कमान किंवा फलक उभारणार नाही असे लिहून द्याल का. उत्तरे आली तशी, आणि ज्यांनी दिली नाहीत त्यांच्या नावापुढे कोरी जागा ठेवून, एका कागदावर छापून वाटावीत. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचाराला बंदी असते, म्हणून हे वाटप त्यापूर्वी आटोपावे आणि कागदावर छापणाऱ्याचे व प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव-पत्ते घालावेत.